उणे ४० अंशांत झाडं गोठत नाहीत का? आणि गोठली तर मरत का नाहीत?

पर्णहीन

सायबेरियातल्या व्हर्खोयान्स्कला फेब्रुवारी १८९२ मध्ये उणे ६७.८ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली होती. तिथल्या जानेवारीची सरासरीच उणे ४५ च्या आसपास असते. तरीही त्या मुलखात लार्च या सूचिपर्णी झाडाचं जंगल पसरलेलं आहे. अस्वल गुहेत शिरतं, पक्षी दक्षिणेची वाट धरतात, माणूस शेकोटी पेटवतो. झाडाला यातलं काहीच जमत नाही, आणि त्याच्या ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं.

या कोड्याची दोन ठेवणीतली उत्तरं सगळीकडे मिळतात. एक, झाड आतून उबदार असतं. दोन, झाडाच्या रसात गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तसलं अँटिफ्रीझ असतं. पहिलं साफ चूक. मोजके अपवाद सोडले तर वनस्पती स्वतःला ऊब देत नाहीत. जाड खोडाचा गाभा हवेच्या काही तास मागे असतो, तिथे दिवसरात्रीचा चढउतार सौम्य होतो, एवढंच. आठवडाभर उणे ३० राहिलं की गाभाही तिथवर उतरतो. बोटाएवढ्या फांदीला आणि तिच्यावरच्या डोळ्यांना (म्हणजे पुढच्या पालवीच्या मिटलेल्या कोंबांना) तर तेवढीही सवलत नाही. दुसरं उत्तर अर्धं बरोबर आहे, त्यावर खाली बोलूच.

माझं म्हणणं असं की हिवाळ्यातलं झाड चक्क गोठतं. फक्त बर्फ कुठे धरावा आणि त्याआधी अंगाची तयारी कधी व्हावी, या दोन गोष्टी ते आपल्या हातात ठेवतं.

आधी जागेचं. जिवंत पेशीच्या आतल्या पाण्यात पुष्कळ पदार्थ विरघळलेले असतात. पेशींच्या मधल्या फटींतलं आणि भित्तिकांमधलं पाणी मात्र त्या मानाने जवळजवळ शुद्ध असतं. त्यामुळे तापमान शून्याखाली घसरलं की बर्फ धरतो तो बाहेर. आणि एकदा बाहेर स्फटिक तयार झाले की ते आतलं पाणी ओढू लागतात, कारण त्याच तापमानाला बर्फाचा बाष्पदाब द्रव पाण्यापेक्षा कमी असतो. पाणी पेशीच्या पटलातून, म्हणजे तिच्या पातळ पडद्यातून, झिरपत बाहेर येतं आणि बाहेरच्या बर्फात भर पडते. पेशी मनुकेसारखी आक्रसते. आत उरलेला रस दाट होत जातो, आणि जितका दाट तितका त्याचा गोठणबिंदू खाली. थंडी जसजशी वाढेल तसतशी पेशी गोठायला अवघड होत जाते.

हे सगळं सावकाश व्हायला हवं. निसर्गात रात्रीचं तापमान तासाला एक-दोन अंशांनी उतरतं, तेवढा वेळ पाणी बाहेर पडायला पुरतो.

म्हणजे खरा मुकाबला थंडीशी कमी आणि कोरडेपणाशी जास्त. कडाक्याच्या थंडीत टिकणाऱ्या आणि दुष्काळात टिकणाऱ्या वनस्पतींच्या पेशींत बरीचशी सारखीच रसायनं सापडतात, ती त्यामुळेच.

खारूताई

शाळेत शिकवलं होतं की पाणी गोठलं की ९ टक्के फुगतं आणि पेशी फुटतात. मग ते काय?

पर्णहीन

@खारूताई, ९ टक्के फुगतं हे बरोबर, पण पेशी फुगून फुटते हे चित्र फारसं खरं नाही. पेशीभित्तिका चिवट असते. बर्फ पेशीच्या आत धरला तर स्फटिक पटलं फाडतात आणि ती पेशी गेलीच, त्याला इलाज नाही. पण निसर्गात बहुतेक वेळा मार बसतो तो बाहेरच्या बर्फाने पाणी ओढून घेतल्यामुळे. पाणी गेलं की पटलं एकमेकांवर दाबली जातात, एकमेकांत मिसळतात. वितळल्यावर पाणी परत येतं तेव्हा ती नीट जुळत नाहीत, पेशी गळकी होते. कोवळं पान गोठून वितळलं की ओलसर, काळपट होऊन लोंबतं ना, ते आतलं पाणी गळून बाहेर आल्यामुळे.

गणिती

अँटिफ्रीझवाल्यांसाठी साधा हिशेब. एक किलो पाण्यात विरघळताना आयनांत न फुटणारा कुठलाही पदार्थ एक मोल (रेणूंची ठराविक संख्या) विरघळला तर गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली येतो. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. नुसत्या साखरेवर उणे ४० गाठायचं म्हटलं तर साडेएकवीस मोल लागतील, म्हणजे एक किलो पाण्यात सात किलोंहून जास्त साखर. (इतक्या दाट द्रावणाला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही हे मला ठाऊक आहे, हुज्जत घालू नये.) समुद्राचं पाणी एवढं खारट, तेही उणे १.९ च्या आसपास गोठतं.

आता हेच गणित उलट लावा. पेशीतला रस एक मोलचा आहे असं धरू. बाहेर बर्फ आहे आणि तापमान उणे १०. समतोल साधायला आतला रस ५.४ पट दाट व्हावा लागेल, म्हणजे पाचातले चार भाग पाणी बाहेर. धागाकर्तीचा 'कोरडेपणाशी मुकाबला' इथे आकड्यांत दिसतो.

आणि इथेच साखरेचा खरा उपयोग आहे. रस आधीपासून दोन मोलचा असेल तर त्याच उणे १० ला पाचातले चार नाही, तीनाहून किंचित जास्त भाग पाणी जाईल. पेशी कमी आक्रसेल.

मध्यरात्र

सात किलो साखर!! 😄 वाचतोय, येऊ द्या अजून.

पर्णहीन

@गणिती, हे मस्त झालं. पुढचा दुवा मी जोडते.

शरदात झाडं साठवलेल्या स्टार्चची साखर करतात: सुक्रोज, रॅफिनोज वगैरे. गोठणबिंदू दोन-चार अंश खाली नेणं हा त्या साखरेचा किरकोळ उपयोग. ती पाण्याच्या जागी पटलांना आणि प्रथिनांना आधार देते. जोडीला डीहायड्रिन नावाची प्रथिनं येतात, तीही कोरड्या पडत चाललेल्या पेशीत बाकीच्या प्रथिनांना गुठळ्या होण्यापासून वाचवतात. पटलांमधली मेदाम्लं बदलतात, असंतृप्त जास्त होतात, म्हणून पटल थंडीतही लवचीक राहतं.

या सगळ्याची परिसीमा म्हणजे काच. १९८५ मध्ये पॉपलरवर झालेल्या एका प्रसिद्ध कामात असं दिसलं की उणे २०-३० च्या पुढे पेशीतला दाट रस गोठत नाही, तर काचेसारखा घट्ट होतो. स्फटिक नाही, त्यामुळे टोकं नाहीत, फाडाफाड नाही. हालचालच थांबते. एकदा ही अवस्था आली की पुढे तापमान किती खाली जातं याने त्या पेशीला जवळजवळ फरक पडत नाही.

जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या आकिरा साकाई यांनी हे त्याआधीच प्रयोगाने दाखवलं होतं. त्यांनी हिवाळ्यातल्या डहाळ्या आधी सावकाश उणे ३० पर्यंत थंड केल्या आणि मग थेट द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत बुडवल्या. बाहेर काढून वितळवल्यावर त्या जिवंत होत्या. १९६० साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. पृथ्वीवर इतकी थंडी कधीच पडत नाही. आज सफरचंदाच्या वाणांचे हिवाळी डोळे द्रव नायट्रोजनच्या टाक्यांत जपून ठेवतात, तेही याच गुणावर. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सला असा मोठा साठा आहे.

तिरका_डोळा

जरा थांबा. उणे १९६ सोसणारी डहाळी आणि एप्रिलमधल्या एका रात्रीच्या उणे ३ मध्ये मरणारा मोहोर, हे दोन्ही एकाच झाडाचे? मग ही सगळी रसायनं झाडाने वर्षभर अंगात का ठेवू नयेत? उगाच धोका कशाला पत्करायचा?

पर्णहीन

@तिरका_डोळा, नेमका प्रश्न. याचंच ठळक उदाहरण रेड ओझियर डॉगवूड नावाचं उत्तर अमेरिकेतलं झुडूप. भर उन्हाळ्यात त्याची डहाळी उणे ३ च्या आसपास मरते. भर हिवाळ्यात त्याच झुडपाची डहाळी द्रव नायट्रोजनमधून जिवंत बाहेर येते. झुडूप तेच, जनुकं तीच.

वर्षभर का नाही? कारण ही अवस्था आणि वाढ एकत्र नांदत नाहीत. वाढणाऱ्या पेशीला भरपूर पाणी, मोठी पाणीदार रिक्तिका (पेशीच्या आतली पिशवी), पातळ भित्तिका लागते. टिकणाऱ्या पेशीला नेमकं याच्या उलट. शिवाय साखर अडकवून ठेवली तर पानं आणि लाकूड कशातून बनवायचं? वर्षभर पूर्ण तयारीत राहणारं झाड शेजारच्या झाडाच्या सावलीत गेलंच म्हणून समजा.

म्हणून झाडाला वेळेचा अंदाज हवा. आणि त्यासाठी ते थर्मामीटरवर विसंबत नाही, कारण सप्टेंबरातली ऊब फसवी असते. ते दिवसाची लांबी मोजतं, खरं तर रात्रीची. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं. रात्र ठराविक लांबीपलीकडे गेली की शेंड्याची वाढ थांबते, डोळा बंद होतो. हा पहिला टप्पा, हवा अजून उबदार असतानाच सुरू होणारा. दुसरा टप्पा शून्याच्या आसपासच्या थंडीने येतो, आणि खरी कणखरता त्यात मिळते. पहिला टप्पा चुकला तर दुसरा नीट होत नाही.

सूचिपर्ण

वनखात्यांना हे फार आधीपासून माहीत आहे. स्कॉट्स पाइनचं बी दक्षिणेकडून आणून उत्तरेत लावलं तर रोपं शरदात वाढतच राहतात, रात्र अजून त्यांच्या हिशेबाने लांब झालेली नसते, आणि पहिल्याच कडाक्यात शेंडे जळतात. उत्तरेचं बी दक्षिणेत लावलं तर उलट: उन्हाळा सरायच्या आत वाढ थांबते आणि झाड बुटकं राहतं. मरत नाही, पण लाकूडही देत नाही. म्हणून बी कुठल्या अक्षांशाचं आहे याला जातीइतकंच महत्त्व.

रस्त्यावरच्या दिव्याखालच्या फांद्या पाहा. बाकी झाड पिवळं पडून उघडं झालं तरी दिव्याजवळची पानं हिरवीच असतात. त्या फांद्यांची रात्रच होत नाही.

आता धाग्यात अजून न आलेली गोष्ट. सगळी झाडं पेशीतलं पाणी बाहेर काढून जगत नाहीत. ओक, मेपल, अ‍ॅश यांच्या लाकडात ज्या जिवंत पेशी असतात त्यांच्या भित्तिका जाड आणि ताठ, पाणी सहज बाहेर पडत नाही. तिथे वेगळाच खेळ चालतो: पाणी शून्याखाली जाऊनही द्रवच राहतं. याला सुपरकूलिंग म्हणतात. स्फटिक धरायला काहीतरी कण लागतो, तो नसेल तर शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८-४० पर्यंत द्रव राहू शकतात. त्यानंतर मात्र कणाची गरज उरत नाही, पाणी आपसूक एका क्षणात गोठतं. पेशीच्या आतच. आणि पेशी मरते.

म्हणून या झाडांना उणे ४० च्या जवळपास एक भिंत आहे. नकाशावर उत्तर अमेरिकेतल्या अशा अनेक पानझडी झाडांची उत्तर सीमा पाहिली तर जिथे हिवाळ्यात उणे ४० ची थंडी पडू लागते त्या पट्ट्याच्या आसपास ती थांबते. त्याच्या पुढे राज्य बर्च, अ‍ॅस्पेन, विलो, लार्च, स्प्रूस यांचं. ही मंडळी पाणी बाहेर काढणारी. हिमालयात वृक्षरेषेवर उभा असणारा भूर्ज हाही बर्चच.

सुपरकूलिंगवाल्यांचा डाव सोपा आहे, पण त्याला तळ आहे.

खारूताई

जिवंत पेशींचं समजलं. पण पाणी वर नेणाऱ्या नळ्या तर मेलेल्या पेशींच्या असतात ना? त्यात गोठलं तर गोठलं, काय बिघडलं?

सूचिपर्ण

@खारूताई, बिघडतं ते वितळताना. पाण्यात हवा विरघळलेली असते, बर्फात ती मावत नाही. त्यामुळे नळीतलं पाणी गोठलं की हवा बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडते. बर्फाच्या खड्याच्या मध्यभागी पांढुरका भाग दिसतो तो हाच प्रकार. वितळल्यावर बुडबुडा लहान असेल तर परत विरघळून जातो. मोठा असेल तर वरच्या ओढीमुळे फुगतो आणि नळी कायमची कोरडी पडते.

बुडबुडा किती मोठा होणार हे नळीच्या रुंदीवर. सूचिपर्णी झाडांच्या नलिका साधारण २० ते ३० मायक्रॉन रुंद, त्यांना गोठण्या-वितळण्याने फारसं काही होत नाही. ओकच्या वसंतातल्या नलिका याच्या कैकपट, २०० मायक्रॉनच्याही वर. एकाच कडाक्यात जवळजवळ सगळ्या निकामी होतात. ओकचं उत्तर काय, तर दर वसंतात नवीन नलिका बनवायच्या. म्हणून ओकला पालवी उशिरा फुटते. आधी नळ टाकायचे, मग पाणी सोडायचं. बर्च मुळांतून दाब लावून जुन्याच नलिका पुन्हा भरतो, वसंतात त्याची फांदी तोडली की रस ठिबकतो तो त्या दाबाने. मेपलमध्ये दाब खोडातच तयार होतो, रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं या आलटापालटीतून. लोक तोच रस जमवतात. (अवांतर: एक लिटर सिरपला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो.)

मध्यरात्र

मग स्प्रूस-पाइन हिवाळ्यात पानं ठेवून काय मिळवतात? जमीन गोठलेली, पाणी येत नाही, आणि ऊन मात्र पडतंय.

पर्णहीन

मिळवण्यापेक्षा वाचवतात म्हणू. सुया पाच-सात वर्षं टिकतात, दरवर्षी नवीन बनवायचा खर्च नाही. निकस जमिनीत हे फार मोलाचं. पाणी वाचवायला जाड मेणाचा थर आणि खोलगट, बंद केलेली पर्णरंध्रं.

उन्हाचा प्रश्न जास्त अवघड. हरितद्रव्य ऊन शोषत राहतं, पण थंडीमुळे पुढची रासायनिक क्रिया ठप्प. ही न वापरलेली ऊर्जा पान जाळू शकते. म्हणून सुया हिवाळ्यात झिअ‍ॅक्झँथिन नावाचं पिवळसर रंगद्रव्य साठवून ठेवतात, जे ती ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. हिवाळ्यात पाइन जरा पिवळट दिसतो त्यामागे हेही एक कारण आहे.

ऱ्होडोडेंड्रॉनची तऱ्हा आणखी गमतीची. त्याची रुंद पानं कडाक्यात देठापाशी खाली झुकतात आणि लांबीला गुंडाळली जातात. जितकी थंडी जास्त तितकी गुंडाळी घट्ट. उणे १५-२० ला सगळं झुडूप वाळून मेल्यासारखं दिसतं. अशी एक डहाळी खोलीत आणली तर बघता बघता पानं उलगडतात, वर उचलली जातात. जमल्यास करून पाहा. अंधारलेल्या जंगलात पानझड झाल्यावर अचानक पडणाऱ्या उन्हापासून बचाव, असा याचा एक अर्थ लावतात. सकाळी एकदम वितळण्याचा वेग कमी करणं, असाही दुसरा. मला पहिला जास्त पटतो.

आणि लार्च? तो सूचिपर्णी असून सुया गाळतो. पृथ्वीवरचं सगळ्यात उत्तरेकडचं जंगल तैमिर द्वीपकल्पावर, सुमारे ७२ अंश ३० मिनिटं उत्तरेला आहे, आणि ते लार्चचंच. तिथे सुया सांभाळत बसण्यापेक्षा टाकून देणं परवडतं.

बखरकार

वेळेच्या मुद्द्याला इतिहासातून पुष्टी देतो. फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रान्सच्या प्रॉव्हान्स भागात ऑलिव्हच्या बागा अक्षरशः नेस्तनाबूत झाल्या. त्या आधीचा जानेवारी उबदार गेला होता, झाडांत रस चढू लागला होता, आणि महिना बदलताच तापमान धाडकन कोसळलं. हीच थंडी डिसेंबरात टप्प्याटप्प्याने आली असती तर नुकसान बरंच कमी झालं असतं. पण बुंधा मेला तरी ऑलिव्हची मुळं जमिनीखाली वाचली, अनेक ठिकाणी आज दिसणारी झाडं त्या फुटव्यांतून आलेली आहेत.

दुसरं २००७ चं. अमेरिकेच्या पूर्व भागात मार्च अतिशय गरम गेला, झाडं वेळेच्या आधी फुलली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ऐन ईस्टरला कडाका आला. फळबागा तर गेल्याच, पण जंगलातल्या ओकसारख्या झाडांची कोवळी पालवीही काळी पडली.

तिरका_डोळा

म्हणजे कणखरता यायला आठवडे लागतात आणि जायला काही उबदार दिवस पुरतात. वाईट सौदा आहे.

पर्णहीन

वाईटच. पण झाडाकडे एक कुलूप आहे. बऱ्याच जातींना ठराविक तासांची थंडी पुरी झाल्याशिवाय डोळा उघडतच नाही. सफरचंदाच्या अनेक वाणांना ७ अंशांखालचे ८०० ते १२०० तास लागतात. तोवर जानेवारीत कितीही छान ऊन पडलं तरी डोळा ढिम्म. धोका सुरू होतो तो हे तास भरल्यानंतर. मग फक्त उबेची वाट असते, आणि ऊब खोटी की खरी हे ओळखायला झाडाकडे फारसं साधन नाही. फुललेल्या सफरचंदाचा मोहोर उणे २ च्या आसपास थोडा मरतो, उणे ४ ला जवळजवळ सगळा.

गणिती

बागायतदार अशा रात्री झाडांवर पाणी फवारतात. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता सोडतं. फवारा चालू आहे तोवर मोहोर बर्फात गुरफटूनही शून्याच्या जवळ टिकतो. पहाटे फवारा लवकर बंद केला की मात्र बाष्पीभवनाने उलट जास्त थंड होऊन सगळं हातचं जातं.

मृदगंधा

स्फटिक धरायला कण लागतो असं वर आलंय, त्यात भर. पानांवर राहणारा स्यूडोमोनस सिरिंगी नावाचा जिवाणू नेमका हाच धंदा करतो. त्याच्या अंगावर असं प्रथिन असतं की पाणी उणे २ लाच गोठतं, पान जखमी होतं आणि जिवाणूला आत शिरायला वाट मिळते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात हे प्रथिन काढून टाकलेला जिवाणू स्ट्रॉबेरीच्या शेतावर फवारला गेला. जनुकं बदललेला जीव परवानगी घेऊन उघड्यावर सोडण्याची ती पहिली खेप, त्यामुळे विरोधही भरपूर झाला. शेतीत तो जिवाणू पुढे चालला नाही. त्याचा मूळ भाऊ मात्र स्कीच्या उतारांवर कृत्रिम हिम बनवायला कामाला लागला!

कुंडीवाला

माझा प्रश्न व्यवहारातला. थंड प्रदेशात जमिनीतलं झाड मस्त तगतं आणि तेच कुंडीत ठेवलं की मरतं. सगळेच सांगतात, कारण कोणी सांगत नाही.

सूचिपर्ण

मुळं. खोड आणि डोळे जितके कणखर होतात तितकी मुळं कधीच होत नाहीत. उणे ३० सोसणाऱ्या झाडाची बारीक मुळं उणे ५ ते १० लाही मरू शकतात. जमिनीत त्यांना तेवढी थंडी लागत नाही, आणि वर हिमाचा थर असेल तर अजिबात नाही. भुसभुशीत हिमात हवाच हवा असते, दोन हात थराखाली जमीन शून्याच्या जवळपास राहते, वर उणे ३० असलं तरी. कुंडीला चारी बाजूंनी हवा लागते. त्यामुळे कुंडी जमिनीत पुरा किंवा भिंतीच्या आडोशाला ठेवून भोवती पालापाचोळा भरा, आणि गोठण्याआधी पाणी द्या. ओली माती सावकाश थंड होते.

हाच हिशेब जंगलात चुकला तर काय होतं ते आग्नेय अलास्कात दिसतं. तिथले यलो सीडर गेली शंभरेक वर्षं मोठ्या प्रमाणावर मरत आहेत. रोग शोधला, कीड शोधली. शेवटी कारण निघालं हिमाचं. हिवाळे सौम्य झाले, हिम कमी पडू लागलं, उघड्या जमिनीत या झाडाची उथळ मुळं वसंतातल्या कडाक्यात गोठून मरतात. हवामान तापतंय आणि झाडं थंडीने मरताहेत.

उंबरठा

सगळे हिवाळ्याबद्दल बोलताहेत. रोज रात्री हिवाळा असेल तर? माउंट केनिया विषुववृत्तावर, ४००० मीटरच्या वर दिवसा कडक ऊन आणि बाराही महिने रात्री शून्याखाली. तयारीला ऋतूच मिळत नाही. तिथले महाकाय ग्राउंडसेल जुनी वाळलेली पानं गाळत नाहीत, ती खोडाभोवती जाड थर बनून राहतात. संध्याकाळी वरची पानं मिटतात आणि मधला कोंब झाकला जातो. तिथल्या लोबेलियाच्या पानांच्या वाटीत पाणी साठलेलं असतं. रात्री वर बर्फाचा पापुद्रा धरतो, खाली पाणी द्रवच राहतं आणि त्यात बुडालेला कोंब शून्याच्या खाली जात नाही. गणिती यांच्या ८० कॅलरी इथेही कामाला.

मध्यरात्र

'मोजके अपवाद' म्हणून पहिल्या पोस्टमध्ये सोडून दिलेत, त्यांचं काय? ऊब देणारी वनस्पती खरंच आहे?

पर्णहीन

आहे. उत्तर अमेरिकेतली ईस्टर्न स्कंक कॅबेज. हिवाळा सरता सरता हिमातूनच तिचा फुलोरा वर येतो आणि भोवतीचं हिम वितळवतो. हवा गोठणबिंदूजवळ असताना फुलोरा २० अंशांच्या आसपास राहू शकतो, आणि हे दिवसेंदिवस चालतं. मुळांत साठवलेला स्टार्च जाळून. थंडी वाढली की जास्त जाळते, म्हणजे तापमान सांभाळते. पण एवढी चैन दोन आठवडे एका फुलोऱ्यापुरती परवडते. अख्ख्या झाडाने असं करायचं म्हटलं तर नाताळच्या आतच कोठार रिकामं.

कुंडीवाला

@सूचिपर्ण, आभार. शेवटचं एक. कडाका होऊन गेल्यावर फांदी मेली की जिवंत, हे वसंतापर्यंत न थांबता कळतं का?

सूचिपर्ण

कळतं. पण लगेच खरवडून पाहिलंत तर फसाल, मेलेली सालही गोठलेली असेतोवर हिरवी दिसते. वीतभर डहाळी कापा, पाण्यात उभी करून उबदार खोलीत चार-सहा दिवस ठेवा. मग धारदार पात्याने डोळा उभा चिरा आणि सालीचा पातळ काप काढा. आत हिरवं-पांढरट असेल तर जिवंत. तपकिरी झालं असेल तर तो भाग गेला. सालीखालचा पातळ थर हिरवा आणि फक्त डोळे तपकिरी, असं बऱ्याचदा निघतं. तेव्हा फांदी छाटू नका, खालच्या सुप्त डोळ्यांतून उशिरा फुटेल.